मोहिनीताईंची चिमणाबाई

मोहिनी बोरस्ते वर्गात शिकवू लागल्या की खालच्या मजल्यावर ऑफिसात बसलेल्या कारकुनांनाही हृदयाचे कप्पे पाठ होतात, असं आमच्या नर्सिंग कॉलेजात गमतीनं म्हणायचे. त्या ओरडत नसत. आवाजच तसा होता, भरदार आणि स्वच्छ. त्यांचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. वर्षानुवर्षं मशीनच्या गोंगाटात राहून त्यांना कमी ऐकू यायचं. अण्णांशी बोलून बोलून आपला गळा तयार झाला, असं मोहिनीताई सांगायच्या. मी त्याच कॉलेजात सामुदायिक आरोग्य हा विषय शिकवायचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती, त्यामुळे डबाही एकत्रच उघडायचा.

त्यांचे यजमान किशोर इगतपुरीला रेल्वेत सिग्नल विभागात होते. दोघांना सोयीचं म्हणून घर नाशिकरोडला केलं होतं. अठ्ठ्याण्णव साली पावसाळा सरता सरता किशोररावांना कावीळ झाली, ती बघता बघता यकृतावर गेली आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. मुलगी आरोही तेव्हा पहिलीत होती.

त्या दिवसांत काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. दवाखाना चांगला होता, डॉक्टर मन लावून करत होते. नर्सेसपैकी दोघी तर मोहिनीताईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. पण या स्वतः नर्सिंगच्या बाई, यांना आपण काय सांगायचं, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. रिपोर्ट आला की तो त्यांच्या हातात द्यायचा आणि खाली मान घालून पुढे जायचं. रिपोर्टातले आकडे त्यांना कळत होते. किशोरराव आता राहत नाहीत, हेही त्यातून कळत होतं. तरी शेजारी बसून हे तोंडानं सांगणारं एक माणूस त्यांना हवं होतं, आणि ते कुणी मिळालं नाही. शेवटच्या दुपारी त्या रक्तपेढीत रांगेत उभ्या होत्या. पिशवी घेऊन परत आल्या तेव्हा पडदा ओढून घेतलेला होता.

दिवसकार्य झाल्यावर त्या कामावर आल्या आणि पहिल्याच तासाला त्यांचा आवाज नेहमीसारखा जिन्यातून खाली आला. आम्हाला वाटलं, बाई खंबीर आहेत. त्यानंतरची वर्षं त्यांनी आरोहीला वाढवण्यात आणि शिकवण्यात काढली. घरी किशोररावांचा फोटो होता, त्याला रोज फूल असायचं. त्यांच्या आजारपणाचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही, मुलीपाशीसुद्धा नाही.

दोन हजार सात साली मोहिनीताईंच्या थायरॉइडवर गाठ आली. गाठ साधी होती, पण आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. नस वाचेलच असं नाही, हे सर्जननी आधीच समजावून सांगितलं होतं. नस वाचली नाही. ऑपरेशननंतर मी भेटायला गेले तेव्हा त्या काहीतरी म्हणाल्या आणि मला वाटलं पंख्याचा आवाज आहे.

मग तसंच राहिलं. बोलल्या की नुसती हवा यायची, त्यात शब्द पुसट. गंमत अशी की त्या कुजबुजल्या की समोरचा माणूसही कुजबुजायला लागायचा. भाजीवालीसुद्धा मेथीचा भाव कानात सांगितल्यासारखी सांगायची. आरोही एव्हाना दहावीत होती. घरचे फोन तीच घ्यायची, रिक्षावाल्याशी तीच बोलायची. आई ओठ हलवायची आणि मुलगी मोठ्यानं सांगायची, इतकी त्यांची सवय झाली होती.

वर्गात मात्र काही चालेना. कॉलरला लावायचा माइक आणून पाहिला, त्यातून वाऱ्याची घरघर तेवढी ऐकू आली. पहिल्या बाकावरच्या मुली मागच्यांना सांगायच्या, मागच्या विसरायच्या. प्राचार्यबाईंनी त्यांना बोलावून लायब्ररीचं काम सुचवलं. पगार तोच राहील, त्रास होणार नाही, असं त्या आपुलकीनं म्हणाल्या. मोहिनीताईंनी बघते अशा अर्थी मान हलवली. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी डबा उघडला आणि तसाच परत बंद केला.

आमच्याच संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज पलीकडच्या आवारात आहे. तिथे संगणक शिकवणारे रविराज जाधव नावाचे तरुण प्राध्यापक होते. इंटरनेटवर एक आभासी जग आहे, त्यात प्रत्येकाला स्वतःचं एक शरीर मिळतं, चालता येतं, बसता येतं, दुसऱ्यांशी बोलता येतं आणि परदेशातली काही विद्यापीठं त्यात वर्गही भरवतात, असं ते आमच्या स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले. त्यांना दोन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला होता आणि प्रयोगासाठी एखादा विषय हवा होता. आमच्यातल्या बऱ्याच जणी हसल्या. त्या शरीराला अवतार म्हणतात हे ऐकल्यावर तर फारच हसल्या. मोहिनीताईंनी त्यांना थांबवून एका कागदावर लिहिलं, "तिथे बोलावं लागतं की टाइप केलं तरी चालतं?"

दोन्ही चालतं, रविराज सर म्हणाले. मुलं हेडफोन लावून बोलतील, मॅडम टाइप करतील, मॅडमचे शब्द सगळ्यांच्या पडद्यावर उमटतील.

विषय मोहिनीताईंनीच ठरवला. हृदयाचे कप्पे पुस्तकातूनही कळतात, पण पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं हे आम्ही कुणीच नीट शिकवत नव्हतो. अभ्यासक्रमात त्यावर एक धडा होता, तो मुलं पाठ करून परीक्षेत लिहायची आणि वॉर्डात गेल्यावर गप्प बसायची. खऱ्या नातेवाइकांवर सराव करायला लावणं बरं नाही. एकमेकांसमोर उभं करून नाटक करायला लावलं तर खिदळण्यातच तास जातो. पडद्यावर चेहरे दिसणार नव्हते, तेव्हा कदाचित जमेल, असं त्यांना वाटलं.

रविराज सरांनी त्या जगात एक लहानसा वॉर्ड उभा केला. खाटा, सलाइनचे स्टँड, बाहेर लांब व्हरांडा आणि व्हरांड्यात एक बाक. शेजारची जागा कुणा परदेशी माणसाची होती आणि तिथे त्यानं समुद्र केला होता. त्यामुळे आमच्या वॉर्डाच्या खिडकीतून निळंशार पाणी दिसायचं. नाशिकला समुद्र आला म्हणून मुलांना त्याचंच जास्त कौतुक.

मोहिनीताईंनी स्वतःसाठी एक म्हातारी मागितली. तिचं नाव चिमणाबाई, गाव घोटीच्या पुढचं, भाताची शेती, नवरा नाथा वॉर्डात शेवटच्या अवस्थेत. तिला लुगडंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या जगात जीन्स आणि झगे हवे तितके मिळत होते, लुगडं कुठेच नव्हतं. रविराज सरांनी खटपट करून एक बनवलं. ते पत्र्यासारखं कडक झालं होतं आणि चिमणाबाई बाकावर बसली की तिचे गुडघे लुगड्यातून आरपार बाहेर यायचे. तरी मोहिनीताई खूश होत्या. त्या लॅबच्या एका कोपऱ्यात बसून मराठी इंग्रजी अक्षरांतून टाइप करायच्या, आणि ती अक्षरं वाचायची मुलांनाही मोबाइलमुळे सवय होती.

पहिले काही तास नुसता गोंधळ झाला. शहरात भारनियमन चालू होतं, त्यामुळे लॅबचा जनरेटर चालू असेल तेव्हाच वर्ग. नेट हळू. वॉर्डात शिरलं की आधी सगळी माणसं राखाडी ढगासारखी दिसायची, मग कुणाला कपडे यायचे, कुणाला केस. सिन्नरच्या गोरक्षनं चुकीचं बटण दाबलं आणि तो उडून वॉर्डाच्या छताला जाऊन चिकटला. त्याला खाली कसं आणायचं ते रविराज सरांनाही पटकन आठवेना. मी मागे खुर्ची टाकून बघत बसले होते. मोहिनीताईंचे खांदे हसून हलत होते. ऑपरेशननंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग हळूहळू घडी बसली. एकेक विद्यार्थी व्हरांड्यात यायचा, चिमणाबाईशेजारी बसायचा आणि तिच्या नवऱ्याची अवस्था तिला सांगायचा. बाकीचे आपापल्या पडद्यावर ते बघायचे.

छतावरून उतरलेला गोरक्ष पहिला आला. त्यानं चांगल्या आवाजात सांगितलं, "घाबरू नका आजी, सगळं ठीक होईल. आम्ही आहोत ना."

पडद्यावर चिमणाबाईची अक्षरं उमटली, "मंग सांच्याला घरी नेऊ का?"

लॅबमध्ये कुणी हसलं नाही, कारण गोरक्षचंच वाक्य प्रत्येकाच्या मनात तयार होतं. पुढची मुलगी रक्तदाब आणि नाडी सांगून गेली. चिमणाबाईनं तिला विचारलं, "म्हंजे बरं का वाईट?" एकीनं डॉक्टर सांगतील असं म्हणून काढता पाय घेतला. चिमणाबाई ज्याला त्याला असं काही साधंच विचारायची आणि मुलं अडायची. अडली तरी पुढच्या आठवड्यात परत यायला उत्सुक असायची. तोंड लपलेलं असल्यामुळे चुकायची लाज वाटत नव्हती. सर्वांसमोर कधी न बोललेल्या मुली हेडफोन लावला की बोलायला लागल्या.

त्यातली एक आशा गावित. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, कोकणा समाजातली, आश्रमशाळेत शिकून आलेली. तिचा हात अगदी हलका. लहान मुलांना सुई टोचायची असली की वॉर्डातल्या सिस्टर तिलाच पुढे करायच्या. पण बोलायचं म्हटलं की ती भिंतीला टेकायची. घरची बोली वेगळी, इथली मराठी वेगळी, आपलं ऐकून मुली हसतील ही धास्ती. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातली दोन वर्षं तिनं बहुतेक मानेनंच उत्तरं दिली होती.

तिची पाळी जानेवारीत आली. तिनं आपल्या अवतारासाठी पांढरा गणवेश निवडला होता. व्हरांड्यात आली आणि बाकावर बसायला गेली, पण बटण चुकलं आणि ती चिमणाबाईच्या पायाशी जमिनीवर बसली. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तशीच बसून राहिली. बराच वेळ हेडफोनमध्ये तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. रविराज सर मदतीला उठणार तेवढ्यात तिनं विचारलं, "मावशी, आतल्या मामाचं नाव काय?"

पडद्यावर अक्षरं आली. किशोर.

मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आज चिमणाबाईच्या नवऱ्याचं नाव बदललं असेल, असं त्यांनी धरलं. मी खुर्चीत सरळ बसले. मोहिनीताईंची पाठ माझ्याकडे होती, त्यांचे हात कीबोर्डवरच होते.

आशा बोलत राहिली. पेठकडचा हेल तिनं लपवला नाही, की घाईही केली नाही. "मावशी, किशोरमामा आता बरा होनार नाय. डॉक्टर येऊन तुमाला सांगतील, पन तुमी एकल्या बसल्यात म्हनून मी आधी सांगते. आत्ता तो जिता आहे. तुमाला त्याच्यापाशी बसायचं असंल तर आत्ताच चला. कायतरी आनायला कुठं जाऊ नका. त्याला बोलता येनार नाय, पन तुमी हात धरा. मी तुमच्यासंगं उभी राहते."

चिमणाबाईकडून उत्तर आलं नाही. त्या जगात अशी सोय होती, की बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही तर अवताराची मान आपोआप खाली पडते. चिमणाबाईची मान हळूहळू खाली गेली. मुलांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं म्हातारी रडते आहे. आशा खाली बसलेलीच होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "जायचं का मावशी?"

मग अक्षरं आली, एकेक करून. "चल बाई."

दोघी उठल्या आणि वॉर्डात गेल्या. खाटेवर नाथाचा अवतार होता, त्याच्यापाशी चिमणाबाई उभी राहिली. खाटेपाशी काही करायचं असं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे त्या दोघी फक्त उभ्या राहिल्या. रविराज सरांनी तास संपल्याचं सांगितलं.

मुलं गेल्यावर मोहिनीताईंनी हेडफोन काढला आणि पदरानं तोंड पुसलं. मी जवळ गेले. त्यांनी मला खुर्ची ओढायला सांगितली आणि तिथेच, त्या कुजबुजत्या आवाजात, अठ्ठ्याण्णव सालची सगळी हकिकत सांगितली. मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. आशा दारात दप्तर घेऊन उभी होती, आपलं काही चुकलं का असं तिला वाटत होतं. मोहिनीताईंनी तिला हातानं जवळ बोलावलं. त्या तिला काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आशानं मान खाली घातली आणि त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी घरी वीज नव्हती. आरोही आणि मोहिनीताई गच्चीवर गेल्या. आरोहीला बाबांच्या आजारपणातलं फक्त एवढं आठवत होतं, की आपल्याला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं आणि तिथे रोज उपमा असायचा. मोहिनीताईंनी तिला पहिल्यापासून सांगितलं. कावीळ कशी वाढली, बाबा शुद्धीत होते तेव्हा काय बोलले, आणि शेवटी आपण कुठे होतो. आरोहीनं मला नंतर सांगितलं, की आईचा आवाज इतका बारीक होता, की पूर्ण वेळ तिला आईला चिकटून बसावं लागलं. असं जवळ बसून ऐकायची वेळ लहानपणानंतर आलीच नव्हती. सांगून झाल्यावर आरोहीनं विचारलं, "तू रक्तपेढीत होतीस म्हणून तुला अजून वाईट वाटतं का?" मोहिनीताई हो म्हणाल्या. मग आरोही म्हणाली, "त्यांच्यासाठीच गेली होतीस ना." एवढंच. वीज आली तरी दोघी बऱ्याच वेळानं खाली उतरल्या.

पुढच्या आठवड्यापासून चिमणाबाईच्या नवऱ्याचं नाव पुन्हा नाथा झालं. मोहिनीताईंनी वर्गासमोर यावर काही सांगितलं नाही. फळ्यावर मात्र त्यांनी मोठ्या अक्षरांत एक प्रश्न लिहिला: नर्सच पेशंटची नातेवाईक असेल तर? त्यावर त्या दिवशी मुलं तासभर बोलली. गोरक्ष म्हणाला, तिला तर सगळं माहीतच असणार. आशानं उत्तर दिलं, तेही पडद्याआडून नाही, वर्गात, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून. माहीत असलं तरी कुणीतरी सांगावं लागतं, ती म्हणाली. तिच्या बोलीला कुणी हसलं नाही.

प्रकल्पाची मुदत दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात संपली. पुढे पैसे मिळाले नाहीत आणि त्या आभासी जगातली जागा सोडावी लागली. वॉर्ड पुसण्याआधी रविराज सरांनी मोहिनीताईंना बोलावलं. त्या शेवटच्या एकदा आत गेल्या, चिमणाबाईला घेऊन बाकावर बसल्या, खिडकीतला समुद्र बघितला. सरांना फार वाईट वाटत होतं. इतकी मेहनत करून उभं केलेलं सगळं एका बटणासरशी जाणार होतं. मोहिनीताईंनी त्यांना टाइप करून सांगितलं, की मुलांना आता चेहरा लपवायची गरज उरलेली नाही, तेव्हा जाऊ द्या.

आणि खरंच, कॉलेजनं लायब्ररीमागची एक खोली रिकामी करून दिली, तिथे एक बाक ठेवला. दोन विद्यार्थी बाकावर बसायचे, बाकीचे भिंतीला टेकून ऐकायचे. चिमणाबाईचं काम आता वरच्या वर्गातल्या मुली आळीपाळीनं करत. मोहिनीताई शेजारी स्टुलावर बसून, कुणी चुकलं की त्याच्या गुडघ्यावर बोटं ठेवायच्या. एवढ्यानं मुलगा थांबायचा आणि परत विचार करायचा. आवाज थोडा परतला. व्यायामानं घोगरा झाला, दोन बाकांपर्यंत पोचू लागला, त्याहून पुढे कधी गेला नाही. लायब्ररीचं काम त्यांना परत कुणी सुचवलं नाही.

आशाला पेठकडच्याच ग्रामीण रुग्णालयात नोकरी लागली. दोन हजार अकराच्या मे महिन्यात तिचं लग्न होतं. मोहिनीताई, आरोही आणि मी एसटीनं गेलो, शेवटचा टप्पा जीपनं. पाड्यावर मांडव घातला होता, आंब्याचे टहाळे बांधले होते, तारपा वाजत होता आणि शेजारी भाड्यानं आणलेला बँडही. आशानं हळदीच्या अंगानं येऊन मोहिनीताईंना वाकून नमस्कार केला आणि आपल्या आईच्या स्वाधीन केलं. आई, कुसाबाई, त्यांना हाताला धरून बाजेवर घेऊन गेली आणि शेजारी बसली. तिची बोली मोहिनीताईंना समजत नव्हती आणि मोहिनीताईंचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. आरोही सवयीनं मध्ये बसायला निघाली, पण मोहिनीताईंनी तिला नाचायला पाठवलं.

बँडच्या कल्लोळात त्या मांडवात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. सगळेच एकमेकांच्या कानाला लागून बोलत होते. कुसाबाई मोहिनीताईंच्या कानात काहीतरी सांगायची, मोहिनीताई तिच्या कानात उत्तर द्यायच्या, आणि दोघी जेवणाची पंगत बसेपर्यंत तशाच बोलत राहिल्या.